हझान म्हणजे पुजारी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मुंबईतील सिनेगॉगांवर, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळांवर, आलेला सचित्र लेख वाचला. छायाचित्रे सुरेख होती आणि इमारतींची माहितीही बहुतांशी बरोबर होती. परंतु एका छायाचित्राखाली, खांद्यावर पांढरी शाल घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थांचा उल्लेख ‘ज्यू मंदिराचे पुजारी’ असा झाला असून मजकुरात त्यांनाच दोन ठिकाणी ‘रब्बी’ म्हटले आहे. ते पुजारी नाहीत आणि रब्बीही नाहीत. ते हझान आहेत, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे. चूक एका शब्दाची असल्यामुळे दोन ओळींची दुरुस्ती पाठवून मोकळे होता आले असते. पण माझे थोरले चुलते, ज्यांना घरात आम्ही सगळे नाना म्हणत असू, तीसहून अधिक वर्षे मुंबईतील एका सिनेगॉगचे हझान होते आणि त्या शब्दामागे किती काम असते ते मी लहानपणापासून पाहिले आहे. म्हणून पत्र लांबले आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर आधीचा भाग कापावा, शेवटची विनंती मात्र ठेवावी.

पुजारी म्हटले की मूर्ती, गाभारा, नैवेद्य आणि देव व भक्त यांच्यामध्ये उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. यहुदी धर्मात त्या अर्थाचे पुरोहित म्हणजे कोहेन. ते मोशेचा भाऊ अहरोन याचे वंशज, आणि त्यांचे मुख्य काम जेरुसलेमच्या मंदिरातील अर्पणांचे. ते मंदिर इ. स. 70 मध्ये रोमनांनी पाडले आणि ते काम संपले. रब्बी हा धर्मशास्त्राचा पंडित. काय चालते आणि काय चालत नाही याचा निर्णय देणारा. आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांच्या, परंपरेत ना कोहेनांची घराणी होती, ना मंदिरातील त्यांच्या मदतनीस लेवींची, आणि समाजातून घडलेले रब्बीही पिढ्यान्‌पिढ्या नव्हते. होता तो हझान. त्याला हिब्रूत ‘शलियाह सिब्बूर’ असेही म्हणतात, म्हणजे जमलेल्या लोकांनी आपल्या वतीने बोलायला पुढे केलेला माणूस. मुंबईच्या सिनेगॉगांत हेखाल, अर्थात तोराच्या, आमच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवण्याचे कपाट, पश्चिमेच्या भिंतीत असते, कारण जेरुसलेम इथून पश्चिमेला आहे. हझान मधल्या चौथऱ्यावर, तेबावर, उभा राहतो आणि लोक ज्या दिशेला तोंड करून असतात त्याच दिशेला त्याचेही तोंड असते. एवढ्यावरूनही तो कोण आणि कोण नाही हे कळावे. कोहेन हजर असता तर त्याने हात उंचावून लोकांना आशीर्वाद दिला असता. तो नसल्यामुळे हझान आशीर्वादाची तीच वचने प्रार्थनेच्या ओघात देवाकडे मागणे म्हणून म्हणतो. स्वतः आशीर्वाद देण्याचा अधिकार तो घेत नाही.

या शब्दाची अडचण जुनीच आहे. नाना रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर एका सरकारी कार्यालयात शिधापत्रिकेच्या कामासाठी गेले होते, मी सोबत होतो. कारकुनाने विचारले, ‘सध्या काय करता?’ नाना म्हणाले, ‘हझान आहे.’ ‘कुठे?’ ‘मशिदीत.’ आमच्या समाजात सिनेगॉगला मशीदच म्हणत. मांडवीची ती जुनी मशीद आणि टनटनपुऱ्याची ती नवी मशीद, हे शब्द घरोघरी होते. कारकुनाने ‘अझान’ असे लिहिले, मग कोकणातले ‘कर’ लागलेले आडनाव पाहिले, पुन्हा नानांकडे पाहिले, आणि बराच वेळ विचार करून त्या रकान्यात ‘धर्मोपदेशक’ असे भरले. नानांनी आयुष्यात कोणालाही उपदेश केला नव्हता. घरी येऊन ते दोन दिवस हसत होते.

प्रार्थना चालवणे हे त्यांच्या कामाचे सर्वांना दिसणारे अंग. न दिसणारा भाग शुक्रवारी दुपारी आमच्या चाळीच्या खोलीत, खिडकीजवळच्या पेटीवर बसून चाले. तोराचे पाच ग्रंथ वर्षभरात वाचून पुरे व्हावेत म्हणून त्यांचे 54 भाग पाडलेले आहेत आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, सकाळी त्या त्या आठवड्याचा भाग हझान मोठ्याने, सुरावर वाचतो. वाचतो म्हणजे कसे, हे सांगायला हवे. चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या त्या गुंडाळीत 3,04,805 अक्षरे आहेत, पण एकही स्वरचिन्ह नाही, विरामचिन्ह नाही आणि सूर दाखवणारी खूणही नाही. मराठीत बोलायचे तर सगळ्या काना, मात्रा, वेलांट्या पुसून टाकलेले पान समोर आहे आणि ते चालीवर, न अडखळता म्हणायचे आहे. चिन्हे असतात ती छापील पुस्तकात. नानांच्या पुस्तकात एका बाजूला चिन्हांसह मजकूर आणि दुसऱ्या बाजूला गुंडाळीसारखा कोरा मजकूर असे दोन स्तंभ होते. ते चिन्हांच्या स्तंभावर एक जुने पोस्टकार्ड धरत, कोरा स्तंभ म्हणत जात, अडले की कार्ड बोटभर खाली सरकवत आणि पुन्हा वर नेत. त्या कार्डाची खालची कड घामाने काळी आणि मऊ पडली होती. शनिवारी चूक झाली तर चालत नाही. भोवती उभे असलेले जाणकार तिथल्या तिथे टोकतात आणि हझानाला तो शब्द पुन्हा वाचावा लागतो. एवढे विद्वान टोकणारे भोवती असत तो काळ आता गेला, हे वेगळे सांगायला नको.

मुलांना शिकवणे हेही त्यांच्याकडेच. तेराव्या वर्षी मुलाने तोरासमोर उभे राहून वाचायचे असते, त्याची तयारी सहा-आठ महिने चाले. आम्हाला हिब्रू अक्षरे पटकन लागत नसत म्हणून नानांनी वह्यांमध्ये सगळे बालबोध लिपीत उतरवून ठेवले होते. घशातून येणाऱ्या ज्या ध्वनीला आपल्याकडे अक्षर नाही तिथे ते ‘अ’खाली एक टिंब देत. हिब्रूतील ‘द’ आणि ‘र’ ही अक्षरे दिसायला इतकी सारखी की एका कोपऱ्याचा फरक. ‘शेमा इस्राएल’ या वचनाच्या शेवटी ‘एहाद’, म्हणजे ‘एकच’, हा शब्द येतो. त्यातील ‘द’चा ‘र’ वाचला गेला तर त्याचा ‘अहेर’, म्हणजे ‘दुसरा’, होतो आणि देव एकच आहे म्हणण्याऐवजी भलतेच म्हटले जाते. म्हणून गुंडाळीत ते एक अक्षर मुद्दाम मोठे काढलेले असते. नाना मुलांना सांगत, ‘नीट बघ रे बाबा, नाहीतर देवासमोर आहेर वाचत बसशील, आणि इथे लग्न कोणाचंच नाही.’ ‘शेमा’मधल्या त्या ‘द’ला मी अजूनही अडखळत नाही, त्याचे कारण हा विनोद.

‘शेमा इस्राएल’लाच आमच्या इतिहासात वेगळे स्थान आहे. नवगावजवळ जहाज फुटले, सात जोडपी वाचली आणि कोकणात तेल गाळू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ नाव पडले, ही परंपरागत हकिकत आपल्या लेखात होतीच. त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते. प्रार्थनांपैकी एवढे एकच वचन तोंडात उरले होते आणि सुंता असो, लग्न असो, मर्तिक असो, तेच म्हटले जाई. गावोगावच्या विधींसाठी त्या काळी आमच्यात ‘काजी’ असत. हझान हा पुढे, समाज मुंबईत आल्यावर आणि कोचीनच्या यहुद्यांशी संबंध वाढल्यावर रुजलेला माणूस. कंपनीच्या फौजेतील अंमलदार सामाजी हसाजी दिवेकर हे टिपूच्या कैदेत पडले व सुटले, आणि 1796 मध्ये त्यांनी मांडवीला ‘शाआर हारहमीम’ बांधले. मशीद बंदर या स्थानकाच्या नावाचा संबंध याच मशिदीशी जोडला जातो. इमारत उभी राहिली, पण ग्रंथ वाचणारे कोठून आणायचे? ते कोचीनहून आले. शेलोमो सालेम शुर्राबी हे त्यांच्यातील मोठे नाव. 1856 साली ते मुंबईतच वारले. आज आमच्या प्रार्थनेच्या चालींमध्ये कोचीनचे वळण सापडते, नंतर बगदादकडून आलेल्या बगदादी यहुदी मंडळींचेही सापडते, आणि त्या दोन्हींवर कोकणी गळ्याचा असा काही हेल बसला आहे की परदेशातून आलेला यहुदी पहिल्या पाच मिनिटांत चकित होऊन मान वर करतो.

हझानाची खरी कसोटी किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या, दिवशी लागते. सुमारे पंचवीस तासांचा निर्जळी उपवास, लोक पांढऱ्या कपड्यांत, आणि आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या तिन्हीसांजेपर्यंत एकापाठोपाठ पाच तेफिल्ला, म्हणजे प्रार्थना. मंडळी मधून बाहेर ओट्यावर जाऊन बसू शकतात, डुलकी काढू शकतात. ज्याला चालवायचे आहे त्याला ती सोय नाही. पाण्याचा थेंब न घेता दिवसभर गायचे असल्यामुळे नाना त्याआधीचे दोन दिवस घरात खुणांनी बोलत, आणि माझी चुलती म्हणे, की वर्षातून एकदाच या घरात माझे पूर्ण ऐकले जाते. दुपारच्या तेफिल्लाला आवाज बसू लागे. मग शेवटची ‘नेइला’ सुरू होई आणि कोठून कोण जाणे, सकाळपेक्षाही मोकळा आवाज लागे. ‘नेइला’ या शब्दाचा अर्थच दारे मिटणे असा आहे. हिब्रू नावे विसरलेल्या आमच्या कोकणातल्या पूर्वजांनी याच दिवसाला ‘दरफाळणीचा सण’ म्हटले, म्हणजे दारे लावून घेण्याचा. शब्द गेला होता, अर्थ मात्र मराठीत शिल्लक होता. नाना हे दरवर्षी सांगत आणि दरवर्षी त्यांना ते नव्याने सुचल्यासारखे वाटे. शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचे वाद्य, फुंकला की सगळे घराकडे पळत, आणि नाना तेबाच्या पायरीवर बसून साखरपाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरत.

इतर कामे थोडक्यात सांगतो. सुंतेला, लग्नाला, स्मशानात आणि नंतरच्या स्मरणप्रार्थनेला हझान लागतोच. लग्नात नवरी आत येते तेव्हा नवरदेवाने ‘योनाती झिव यिफातेख’ हे गीत स्वतः म्हणायची आमची चाल आहे. पण घाबरलेल्या नवरदेवांपैकी निम्मे पहिल्या ओळीनंतर गप्प होतात आणि उरलेले गीत हझानच्या आवाजावर तरून जाते. करारपत्र मोठ्याने वाचायचे तेही त्यानेच. कोंबडी धर्मनियमाप्रमाणे कापून द्यायला पुष्कळ ठिकाणी हझानच असे, आणि नानांच्या पिशवीत प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी कापडात गुंडाळलेली सुरी असायची.

मलिद्याविषयी मात्र थोडे अधिक लिहायला हवे, कारण आपल्या लेखात त्याला ‘ज्यू प्रसाद’ म्हटले आहे. नवस फेडायचा असो वा लग्नघर असो, एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलियाहू संदेष्टा, याच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, वर फळे. ताट मध्ये ठेवून सगळे बसतात, हझान प्रार्थना आणि ‘एलियाहू हन्नाबी’चे गीत म्हणतो आणि मग एकेका फळाची बराखा, म्हणजे आभाराचे वचन, वेगळी म्हटली जाते. खजूर हे झाडाचे फळ, त्याचे वचन वेगळे. केळ हे शास्त्राप्रमाणे जमिनीचे उत्पन्न, कारण घड उतरला की केळीचे ते खोड संपते, म्हणून त्याचे वचन वेगळे. कोणते फळ कोणत्या वचनात जाते हे पटकन सांगणे हे हझानचे काम, आणि कोणी हौसेने ड्रॅगन फ्रूट आणून ठेवले की हल्लीच्या हझानांची पंचाईत होते ती मी पाहिली आहे. किद्दूशसाठी, म्हणजे शब्बाथच्या आरंभी पेल्यावर म्हणायच्या वचनासाठी, द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुका भिजवून गाळलेले सरबत आमच्याकडे चालते. ते शुक्रवारी सकाळी भिजत घातले आहे ना, याची चौकशी नाना कामावरून निघण्यापूर्वी फोन करून करत.

हे सगळे मराठीत चालत आले आहे, आणि मराठी वृत्तपत्राला हे लिहिण्याचे माझे कारण तेच. प्रार्थना हिब्रूत, पण सूचना, समजावणे, रागावणे मराठीत. हिब्रूचे व्याकरण मराठीतून शिकवणारे पुस्तक जॉन विल्सन यांनी 1832 मध्येच काढले होते. जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी हिब्रूतील वीसहून अधिक प्रार्थनाग्रंथ व इतर पुस्तके मराठीत आणली. 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या हग्गादाच्या, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायच्या पुस्तकाच्या, चित्रात मात्झा, अर्थात बिनखमिराची भाकरी, करणाऱ्या बायका लुगडी नेसून बसल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आमच्या मंडळींनी हरदासी कीर्तनाची पद्धत उचलून अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, ओवीत लावली, आणि रात्री कीर्तनाला उभा राहणारा माणूस पुष्कळदा सकाळच्या तेफिल्लाचाच असे. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा एका परिचिताने मला विचारले होते, ‘तुमच्या लोकांना मराठी येतं का?’ तो प्रश्न मी मराठीतच ऐकून घेतला.

स्वातंत्र्याच्या सुमारास आमची संख्या वीस हजारांच्या घरात होती. इस्राएलला स्थलांतर झाल्यावर आता ती काही हजारांवर आली आहे, आणि त्यातही पुष्कळजण दक्षिण मुंबई सोडून ठाण्याकडे गेले. सार्वजनिक प्रार्थनेला, तोरा वाचायला, मृतांसाठी कद्दिश म्हणायला दहा प्रौढ पुरुष लागतात. माणसे आकड्यांनी मोजू नयेत असा संकेत असल्यामुळे दहा शब्दांचे एक वचन म्हणत एकेका माणसावर एकेक शब्द ठेवतात. नानांच्या शेवटच्या वर्षांत मी त्यांना दाराशी उभे राहून ते वचन आठव्या किंवा नवव्या शब्दाशी थांबवताना पाहिले आहे. मग ते घड्याळाकडे न बघता रस्त्याकडे बघत. सण आले की पेण, रेवदंडा, अलिबागकडे मुंबईहून हझान पाठवावा लागे, आणि त्या दिवशी मुंबईत कोण, हा प्रश्न उभा राही. हझानला मिळणारे मानधन इतके की त्यावर घर चालत नाही. नाना कारखान्यात नोकरी करत आणि शनिवारच्या सुट्टीसाठी रविवारी जादा पाळी करत. आजचे हझानही बहुधा नोकरी सांभाळूनच हे करतात.

आपल्या लेखात फोर्टच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगला 2019 मध्ये मूळचा निळा रंग परत मिळाल्याचे सविस्तर वर्णन आहे, आणि ते काम खरोखरच उत्तम झाले आहे. ती वास्तू बगदादी मंडळींची. आम्हालाही तिचा अभिमान वाटतो. पण रंगाचे थर खरवडून मूळ रंग शोधता येतो तसा गेलेला सूर शोधता येत नाही. नाना 1980च्या दशकात कॅसेटवर वर्षभराच्या चाली म्हणून ठेवत होते. एकूण अकरा कॅसेट होत्या. शब्बाथला ध्वनिमुद्रण चालत नाही, म्हणून हे आठवड्यातल्या इतर दिवशी रात्री, गल्लीतला गोंगाट थांबल्यावर चाले, तरी दोन कॅसेटवर मागे कुल्फीवाल्याची घंटा ऐकू येते. नानांच्या पश्चात एका संस्थेचे गृहस्थ प्रती काढून देतो म्हणून सहा कॅसेट घेऊन गेले. पावती दिली नाही, कॅसेटही परत आल्या नाहीत. ते गृहस्थ आता तिथे नाहीत. उरलेल्या पाचांपैकी दोन पावसाळ्यात बुरशीने गेल्या. चूक माझीही आहे, मी पावती मागायला हवी होती.

म्हणून विनंती अशी. आपल्या वाचकांमध्ये ध्वनिमुद्रणाचे जाणकार आहेत, विद्यापीठाच्या संगीत आणि मराठी विभागांत काम करणारे आहेत. मुंबई, ठाणे आणि रायगडमध्ये आज जे वयस्क हझान आहेत त्यांच्याकडून वर्षभराच्या चाली, सणांच्या वेगळ्या चाली, मराठी कीर्तनातील पदे हे सगळे सलग म्हणवून घ्यावे आणि त्याची एक प्रत त्या हझानाच्या घरी, एक सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी. माझ्याकडच्या तीन कॅसेट आणि नानांच्या बालबोधातील सात वह्या मी त्यासाठी द्यायला तयार आहे. या वेळी पावती घेईन. ज्यांना ऐकायला यायचे असेल त्यांनी सिनेगॉगच्या विश्वस्तांना आधी कळवावे आणि ओळखपत्र जवळ ठेवावे, कारण 2008 नंतर दाराशी पोलीस असतात.

छायाचित्राखालील ओळीची दुरुस्ती छापावी ही दुसरी विनंती. ती छापताना मुद्रितशोधकांना कृपया सांगावे, की शब्द ‘हझान’ आहे, ‘अझान’ नाही.

आपला नम्र,
एक बेने इस्राएल वाचक (निवृत्त मराठी शिक्षक)
आग्रीपाडा, मुंबई